चाळिशीनंतर पुरुषांची तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले पुरुष, आणि बऱ्याचदा त्यांच्या वतीने त्यांच्या बायका आणि मुलं, दवाखान्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. गोळ्या-पावडरींबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात. माझ्या मते आधी विचारायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत, म्हणून क्रम मी माझा लावला आहे. हे वाचून चालू असलेलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका.

मला काहीच होत नाही. मग सुरुवात तरी कुठून करू?

रक्तदाबापासून. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात गेलं की तो सापडतो, नाहीतर थेट पक्षाघात झाल्यावर. आणि तो आटोक्यात ठेवल्याने काय मिळतं याचा पुरावा इतका भक्कम आहे की वय रोखण्याच्या नावाने विकली जाणारी कुठलीही गोष्ट त्याच्या जवळपास येत नाही. स्प्रिंट नावाच्या मोठ्या अभ्यासात ९,३६१ जण होते. २०१५ मध्ये निकाल आले तेव्हा दिसलं, की वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं ठरवून ज्यांच्यावर उपचार झाले त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू, दोन्ही १४० चं लक्ष्य ठेवलेल्यांपेक्षा कमी होते. अर्थात त्यांच्यात रक्तदाब फार उतरणं, भोवळ येऊन पडणं, किडनीवर ताण येणं हेही जास्त दिसलं. म्हणून तुमचं लक्ष्य किती, ते तुमचं वय आणि बाकीचे आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवावं.

घरी मोजत असाल तर नीट मोजा, कारण चुकीच्या पद्धतीने मोजलेला आकडा घाबरवतो तरी किंवा खोटा दिलासा तरी देतो. आधी लघवीला जाऊन या. त्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवरून नको. हात टेबलावर असा टेका की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. मोजताना बोलू नका. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहून ठेवा. सकाळी औषध घेण्याआधी आणि रात्री, असं आठवडाभर करा. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाखेरीजचे उपाय साधे आहेत आणि ते काम करतात: दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा हीच आहे), वजन थोडं उतरवणं, दारू कमी करणं, अंगमेहनत.

‘फुल बॉडी चेकअप’ दरवर्षी करून घ्यावं का?

सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजची गरज नाही. निरोगी माणसाच्या इतक्या चाचण्या केल्या की एखादा तरी आकडा रेषेच्या बाहेर जातोच, मग त्याच्या मागे आणखी चाचण्या, स्कॅन आणि रात्रीची झोप जाते. ‘ट्यूमर मार्कर’ म्हणून सरसकट केल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या तर निरोगी माणसासाठी मुळात नाहीतच.

खरोखर उपयोगाच्या तपासण्या मोजक्या आहेत. वर्षातून एकदा रक्तदाब. साखर, शक्यतो एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी): ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. कोलेस्टेरॉल, आणि त्यासोबत आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, कारण ते आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. कंबरेचा घेर तुमच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. हे घरी टेपने मोजता येतं आणि वजनकाट्यापेक्षा जास्त सांगून जातं.

कर्करोगाच्या बाबतीत अमेरिकेतली तज्ज्ञ समिती मोठ्या आतड्याची तपासणी ४५ व्या वर्षापासून सुचवते. कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत) सगळं ठीक निघालं तर पुढची दहा वर्षांनी. त्यात पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी तिथल्या तिथे काढता येतात. बरीच वर्षं सिगारेट ओढलेल्यांनी ५० नंतर फुफ्फुसांच्या कमी किरणांच्या सीटी स्कॅनबद्दल विचारावं. आणि पुरुषांसाठीच असलेली, पण फारच थोड्यांना माहीत असलेली एक तपासणी आहे: ज्यांनी कधीकाळी धूम्रपान केलंय त्यांनी ६५ ते ७५ या वयात एकदा पोटाची सोनोग्राफी करून मुख्य धमनी फुगलेली नाही ना, हे पाहून घ्यावं. ती धमनी फुटली तर वाचण्याची शक्यता फार थोडी असते. आधी कळलं तर वेळेवर उपचार होतात.

पीएसए करू की नको?

याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतलं (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीतलं) एक प्रथिन, ते रक्तात मोजतात. कर्करोगात ते वाढतं, पण ग्रंथी नुसती मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, दोन दिवसांत वीर्यस्खलन झालं किंवा लांबवर सायकल चालवली तरी वाढू शकतं. दुसरी गोष्ट अशी की प्रोस्टेटचे कितीतरी कर्करोग इतके हळू वाढतात की माणूस ते घेऊन दुसऱ्याच कारणाने, म्हातारपणी जातो.

युरोपातल्या मोठ्या चाचणीत सोळा वर्षांनंतर, पीएसएसाठी बोलावलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी ५७० पुरुषांना बोलवावं लागलं आणि १८ जास्तीचे कर्करोग सापडले. त्यातल्या बऱ्याच जणांना उपचारांची गरज नव्हती, आणि उपचारांनंतर लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून, फायदा-तोटा समजून ठरवावं. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर हे बोलणं चाळिशीतच व्हायला हवं. सत्तरीनंतर सरसकट चाचणी सुचवली जात नाही.

केलीच आणि आकडा वाढलेला आला, तर लगेच बायोप्सीकडे धावू नका. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करा, मग एमआरआय, आणि मग गरज असेल तर बायोप्सी. ग्रंथीतच असलेला, कमी जोखमीचा कर्करोग निघाला तर नुसती बारीक नजर ठेवणं हा पूर्ण सन्माननीय मार्ग आहे. ब्रिटनमधल्या १,६४३ पुरुषांच्या अभ्यासात नजर ठेवणं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन या तिन्ही गटांत पंधरा वर्षांनी या कर्करोगाने दगावलेले सुमारे तीन टक्केच होते.

आणखी एक. केस गळतात म्हणून किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर ते आवर्जून सांगा. त्याने पीएसए जवळजवळ निम्मा होतो आणि ‘नॉर्मल’ दिसणारा आकडा प्रत्यक्षात नॉर्मल नसतो.

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतो. कर्करोग असेल का?

बहुधा नाही. साठीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते आणि ही वाढ कर्करोगाची नसते. पण रात्री उठण्यामागे मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, हृदयाचा अशक्तपणा किंवा संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवी वाढवणारी गोळीही असू शकते. म्हणून दोन-तीन दिवस किती वाजता उठलात आणि मापाच्या भांड्यात किती लघवी झाली हे लिहून आणा. दर वेळी थोडी-थोडी होते की भरपूर, यावर निदान अर्धं होतं.

झोपायच्या आधी दोन तास पाणी-चहा कमी करा. लघवी झाल्यावर तिथेच थांबा आणि मिनिटभराने पुन्हा प्रयत्न करा. सर्दीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण त्यातल्या काही औषधांनी लघवी पूर्ण अडकू शकते. सॉ पाल्मेटो नावाचं वनस्पतीचं औषध प्रोस्टेटसाठी जगभर विकलं जातं. त्याच्या चांगल्या चाचण्या झाल्या आहेत, एक २००६ मध्ये आणि दुसरी २०११ मध्ये नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत नेलेली, आणि दोन्हींत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. लघवीत रक्त, लघवी अडकणं, ताप किंवा हाडांत सतत दुखणं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

थकवा येतो, उत्साह राहिला नाही. टेस्टोस्टेरॉन कमी झालं असेल ना?

असू शकतं, पण आधी झोप, वजन, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि मनाची अवस्था पाहूया. तिशी-चाळिशीनंतर हे हार्मोन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. तो आजार नाही. पोटाची चरबी, अपुरी झोप आणि काही वेदनाशामकं मात्र त्याला बरंच खाली ओढतात. २०११ च्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं.

चाचणी सकाळी, उपाशीपोटी करायची, आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच संध्याकाळच्या रिपोर्टवर कुणी इंजेक्शन सुरू करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. लक्षणं आहेत आणि दोन्ही आकडे खरंच कमी आहेत, अशांना उपचाराचा फायदा होतो. ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांत कामेच्छा आणि लैंगिक क्रिया काही प्रमाणात सुधारली, पण ‘अंगात ताकद आली’ असं फारसं घडलं नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात हार्ट अ‍ॅटॅक वाढले नाहीत, ही दिलाशाची गोष्ट. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाणं थोडं वाढलं. आणि हे तरुणांनी नीट ऐकावं: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं थांबतं. मूल हवं असेल तर ते सुरूच करू नका.

ताठरता पूर्वीसारखी राहिली नाही. हे वयाचंच ना? डॉक्टरांना सांगायला लाज वाटते.

तुम्ही एकटे नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, १९९४ मध्ये तिचे आकडे आले. निम्म्याहून थोड्या जास्त, ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होता.

पण वयाच्या नावावर तो सोडून देऊ नका, कारण इथे हृदय तुम्हाला आगाऊ सूचना देत असतं. लिंगातल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन ते चार. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला लागलं की त्याचा परिणाम आधी लहान धमन्यांत दिसतो. बऱ्याच पुरुषांमध्ये छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी हा त्रास सुरू झालेला असतो. त्या काळात रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांच्याकडे लक्ष दिलं तर पुढचा हार्ट अ‍ॅटॅक टळू शकतो. लाजेपायी हीच वर्षं वाया जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीवर एक ओळ लिहून टेबलावर ठेवा. पुढचं विचारणं डॉक्टरांचं काम आहे.

त्यासाठी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ गोळी मिळते. ती घेतली तर?

घेऊ नका. अशा गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा त्याच्या जातीचं औषध लपवून घातल्याचं सरकारी प्रयोगशाळांना वारंवार आढळलंय. अर्ध्या तासात ‘जडीबुटी’चा गुण येतो तो त्यामुळे. तुम्ही छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे वापरत असाल तर या दोन्हींमुळे रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तेच औषध डॉक्टरांकडून, योग्य मात्रेत, तपासणी करून घेणं कितीतरी सुरक्षित आहे.

मी रोज पाऊण तास चालतो. तेवढं पुरे नाही का?

चालणं उत्तम आहे, सोडू नका. पण त्याने पायांची ताकद टिकत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्क्यांनी कमी होत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो. म्हातारपणी परावलंबी होण्याची सुरुवात बहुतेकदा याच जागी होते: कमोडवरून उठता येत नाही, जिना नको वाटतो, तोल गेला तर पाय सावरून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तशीच आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, बाकीचे दोन कुणी सांगत नाही.

आता उशीर झाला असं म्हणू नका. १९९० मध्ये एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांनी पायांचा व्यायाम दिला गेला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

घरी सुरुवात खुर्चीने करा. भक्कम, बिनचाकांची खुर्ची, मागचा भाग भिंतीला टेकलेला. पुढच्या कडेशी सरकून बसा. हात छातीवर आडवे. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, डोकं पायांच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि श्वास सोडत उठा. पूर्ण ताठ उभे राहा. बसताना मनात तीनपर्यंत मोजत हळूहळू खाली या, धपकन बसू नका. खरा व्यायाम खाली येतानाच होतो. आठ-दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की छातीशी वजनाची पिशवी धरा. कुठे आहात हे पाहायचं असेल तर तीस सेकंदांत हात न लावता किती वेळा उठता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला चौदापेक्षा कमी किंवा पासष्ट ते एकोणसत्तरच्या पुरुषाला बारापेक्षा कमी जमत असतील तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. छातीत दुखणं, धाप किंवा चक्कर असेल तर आधी तपासून घ्या.

प्रोटीन पावडर लागेल का?

बहुतेकांना नाही. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज मिळावीत असं तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ते चौऱ्याऐंशी ग्रॅम. ती कडधान्यं, दूध, अंडी, मासे यांतून मिळू शकतात, फक्त एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांना वाटून घ्या. दात नसल्यामुळे किंवा भूक मेल्यामुळे खाणंच होत नसेल तर पावडर कामाची. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको.

मग मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन डी, ओमेगा-३, व्हिटॅमिन ई?

कमतरता असेल तर जरूर घ्या. बी१२ किंवा डी कमी असलेल्या माणसाला त्या गोळीने खरंच बरं वाटतं. प्रश्न आहे तो कमतरता नसताना ‘असू द्यावी’ म्हणून घेण्याचा.

व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-३ ची चाचणी २५,८७१ जणांवर पाच वर्षांच्या आसपास चालली. कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत, आणि डीमुळे हाडं मोडणंही कमी झालं नाही. मल्टिव्हिटॅमिन १४,६४१ पुरुष डॉक्टरांना दहा वर्षांहून जास्त काळ दिलं गेलं. कर्करोगात ८ टक्के घट दिसली, हृदयाला काही फायदा नाही. स्मरणशक्तीसाठी खपणाऱ्या गिंको या झाडाच्या अर्काने तीन हजारांवर वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश टळला नाही.

व्हिटॅमिन ईची गोष्ट मात्र प्रत्येक पुरुषाला माहीत असावी. ते आणि सेलेनियम प्रोस्टेटचा कर्करोग टाळतील या आशेने ३५,००० हून अधिक पुरुषांवर सिलेक्ट नावाची चाचणी सुरू झाली. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या. २०११ मध्ये आकडे आले तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तेच वाढलं. ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ असं कुणी म्हणालं की मी हीच चाचणी सांगतो.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉईड, टेस्टोस्टेरॉन आणि हार्ट अ‍ॅटॅकच्या निदानासाठीची ट्रोपोनिन या चाचण्यांचे आकडे चुकवू शकतं.

अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, हे तर वनस्पतींचंच आहे?

वनस्पतींत ताकद असते म्हणूनच काळजी घ्यायची. अश्वगंधाने ताण आणि झोप थोडी सुधारते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती गडबड करू शकते. जेवणातली हळद आणि शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेली दाट हळदीची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅप्सूलने यकृत सुजलेले रुग्ण नोंदले गेले आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना गिंकोसारख्या गोष्टींनी रक्तस्रावाची भीती वाढते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर सगळं थांबवून त्याच दिवशी दाखवा.

योग, ध्यान, ताई ची, अ‍ॅक्युपंक्चर यांचा खरंच उपयोग होतो?

होतो, आणि गोळ्यांपेक्षा या बाजूला माझा कल जास्त आहे. ताई चीने (संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने) वृद्धांचं पडणं कमी होतं हे अनेक चाचण्यांत दिसलंय. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत व्यायाम, योग, ताई ची आणि अ‍ॅक्युपंक्चर यांची नावं घेतली. संथ श्वसन आणि ध्यानाने ताण उतरतो, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. पण तेवढ्यावर रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर शीर्षासनासारखी डोकं खाली करायची आसनं टाळा.

नवरा खूप घोरतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो.

तुम्ही जे पाहिलंत तेच निदानाचं सगळ्यात मोठं सूत्र आहे, कारण त्यांना स्वतःला ते कळत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडखळण्याचा हा आजार पुरुषांत जास्त असतो. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, दिवसा पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला उठणं हे सगळं त्यातून येऊ शकतं. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं आणि गरज असेल तर झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन हे उपाय. मशीनचा मास्क पहिले काही आठवडे नकोसा वाटतो. माप बदलून पाहा, सोडू नका.

साठीत सिगारेट सोडून आता काय फायदा?

तीन वर्षांचा. ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला. साठीत सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं जास्तीची मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ, तिशीत सोडणाऱ्यांना दहा. या पानावर दुसरा कुठलाच उपाय इतकं देत नाही. निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम, डॉक्टरांची गोळी आणि समुपदेशन एकत्र घेतलं तर नुसत्या निश्चयापेक्षा यशाची शक्यता जास्त.

हृदयासाठी रोज लहान अ‍ॅस्पिरिन? आणि थोडी दारू?

अ‍ॅटॅक किंवा स्टेंट झालेला असेल तर अ‍ॅस्पिरिन डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवा. काहीच झालं नसेल तर सत्तरीनंतर स्वतःहून सुरू करू नका. १९,११४ वृद्धांवरच्या चाचणीत तिने निरोगी आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. दारूची आरोग्याला सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार आहे ना?

पुरुषांनाही होतो, आणि खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. सत्तरी आली असेल, बरेच महिने स्टेरॉइड घेतली असतील, प्रोस्टेटसाठी हार्मोन रोखणारे उपचार चालू असतील किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल विचारा.

बाबा निवृत्त झाल्यापासून गप्प असतात, चिडतात. टीव्हीचा आवाज मोठा करतात पण कानाचं यंत्र लावत नाहीत.

दोन्हींकडे एकत्र पाहा. कमी ऐकू येणारा माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो, आणि ऐकू कमी येणं ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. यंत्र पहिल्या दिवसापासून दिवसभर लावायचा आग्रह धरू नका. आधी शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, अर्धा तास. शिटी वाजत असेल तर ते नीट बसवून घ्या. बरीचशी यंत्रं त्यामुळेच कपाटात पडून राहतात.

पुरुषांचं नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडचिड, दारू, अंगदुखी, ‘माझा आता काय उपयोग’ अशा बोलण्यातून जास्त दिसतं. जगभर आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीच्या आसपास आहेत. थेट विचारा: ‘बाबा, जगणं नको असं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातला औषधांचा साठा हलवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आणि ते डॉक्टरांकडे यायलाच तयार नसले तर?

‘तपासणी’ म्हणू नका. त्यांना खुपणारी एखादी गोष्ट पकडा: गुडघा, झोप, रात्रीचं उठणं. ‘त्या गुडघ्यासाठी जाऊया’ म्हटलं की बरेच जण निघतात आणि रक्तदाब तिथे आपसूक मोजला जातो. लसींचंही त्याच भेटीत विचारा: दरवर्षी फ्लूची, वयानुसार न्यूमोनियाची, पन्नाशीनंतर नागिणीची.

येताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घाला. डॉक्टरांच्या गोळ्या, स्वतःच्या मनाने आणलेल्या, मित्राने दिलेल्या, चूर्णं, तेलं, पावडरी, अर्धवट संपलेलं सगळं. मी ती पिशवी टेबलावर रिकामी करून घेतो आणि एकेक बाटली हातात घेऊन विचारतो: हे कशासाठी, कधीपासून, कोणी सांगितलं? एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं, किंवा दोन वर्षांपूर्वीच्या खोकल्याची गोळी अजून घेत असल्याचं तिथेच सापडतं. पहिल्या भेटीत नवीन काही लिहून देण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी बंद करण्याचीच वेळ जास्त येते. सोबत तुम्ही बसा, पण शेवटची पाच मिनिटं त्यांना एकट्याला बोलू द्या.